मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईने कुठे असावं?

रानजाई

मोठ्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. कार्यालय, आचारी, गुरुजी सगळं ठरलं. विधींचा क्रम लिहून घ्यायला गुरुजींकडे बसलो होतो, तेव्हा ते बोलण्याच्या ओघात म्हणाले, "अंतरपाट धरला की वहिनींनी तुळशीपाशी जायचं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली की बाहेर या." सासूबाईंनी मान डोलावली, ह्यांनीही डोलावली आणि पुढचा विषय निघाला. मी तिथे काही बोलले नाही, पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पद्धत मला नवीन नाही. माझ्या आईनेही तेच केलं होतं. आमच्या अल्बममध्ये हार घालतानाचे जेवढे फोटो आहेत त्यात मामा आहे, आत्या आहे, शेजारच्या काकूसुद्धा आहेत. आई एकाही फोटोत नाही.

आता बाकीचं बघा. देवक बसवताना मी हवी, घाणा भरताना मी हवी, चुडा भरायला कासार बोलवायचा तो मी. रुखवताची मांडणी, गौरीहराची तयारी, विहिणीच्या ओटीची साडी, आहेराची पाकिटं, कोणाला कुठली खोली, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला साखर चालत नाही, हे सगळं माझ्या डोक्यात. लेकीला द्यायची अन्नपूर्णा चिंचेने घासून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. सीमांतपूजनाला मी, कन्यादानाला पाण्याची धारही मीच धरायची. आणि ज्या घटकेसाठी एवढा सगळा घाट, ती घटका मी भिंतीपलीकडून ऐकायची.

रागावून लिहीत नाही. तुळशीवर माझी श्रद्धा आहे. पण लेक हार घालताना मला तिच्याकडे बघायचं आहे. तुमच्याकडे काय करतात? कारण काय सांगतात? आणि ज्यांनी हे बदललं त्यांनी घरातल्या मोठ्यांना न दुखावता कसं बदललं?

गोदाकाठ

आमच्याकडेही आई आत जाते. कारण विचारलं की प्रत्येक म्हातारी वेगळं सांगते. एक म्हणते आईचीच दृष्ट लागते. दुसरी म्हणते आईच्या डोळ्यांत पाणी येणारच आणि शुभवेळेला आसवं नकोत. तिसरी म्हणते, ती आत बसून देवाला साकडं घालते म्हणून तर बाहेर सगळं सुरळीत पार पडतं. मला तिसरं त्यातल्या त्यात पटतं. पण साकडं समोर बसूनही घालता येतंच की.

जुनी_विहीण

रानजाई, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून अगं म्हणते. माझ्या मुलींच्या लग्नांत मी तुळशीपाशीच बसले आणि मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. का, ते सांगते.

आमच्या वेळी लग्न घरच्या मांडवात. आदल्या रात्रीपासून माझं नाव कोणीतरी हाकारतच होतं. नारळ कुठे, विड्याची पानं कुठे, दूध आलं का, गुरुजींना चहा दिला का. मंगलाष्टकं सुरू झाली, मी परसात तुळशीपाशी बसले आणि पहिल्यांदा मला कोणी हाक मारली नाही. तेवढा वेळ माझा होता. वृंदावनावर हात ठेवून मी मुलीसाठी जे मागायचं ते मागितलं. "शुभमंगल सावधान" ऐकू येत होतं, दर वेळी माझ्याही हातून चिमूटभर अक्षता तुळशीवर पडत होत्या. लग्न मी पाहिलं नाही, पण माझ्याशिवाय लागलं असंही मला कधी वाटलं नाही.

म्हणून सांगते, जिला बसावंसं वाटतं तिला बसू द्यावं. तिला कोणी अडाणी म्हणू नये. आणि जिला समोर राहायचं आहे तिला कोणी अडवू नये. तू समोर राहा.

पळीपंचपात्र

मी पौरोहित्य करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला १९७० च्या दशकातच सुरुवात झाली, पुढे ज्ञानप्रबोधिनीतूनही अनेकजणी शिकून तयार झाल्या. तरी अजूनही लग्न लावायला गेलं की "गुरुजी आले नाहीत का?" असं मलाच विचारतात. असो.

विवाहसंस्कारातले मुख्य विधी म्हणजे कन्यादान, पाणिग्रहण, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी. हिंदू विवाह कायद्यानेही (१९५५, कलम ७) जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला असं धरलं आहे. अंतरपाट आणि मंगलाष्टकं ही मुहूर्त साधायची आपली लाडकी रीत, पण ती लोकाचारातली. त्या वेळी आईने समोर नसावं असं मी शिकलेल्या कुठल्याही प्रयोगात, म्हणजे विधींच्या पोथीत, लिहिलेलं नाही. घराण्याची चाल म्हणून पाळायची तर जरूर पाळा, पण "शास्त्रात आहे" असं कोणी म्हणालं तर ते मान्य करायचं कारण नाही.

आईचं खरं काम कन्यादानात आहे, आणि ते कोणी नीट समजावूनच सांगत नाही. काशाच्या भांड्यावर वडिलांची, जावयाची आणि लेकीची ओंजळ एकत्र धरलेली असते आणि आई झारीने पाणी सोडते. धार बारीक हवी आणि संकल्प संपेपर्यंत तुटायला नको. एका हाताने झारी धरली तर मनगट भरून येतं, म्हणून डाव्या हाताचा आधार द्यायला मी आधीच सांगते. शालूचा पदर खोचून घ्या, नाहीतर त्याच पाण्यात जातो. त्यानंतर मुलीचे वडील जावयाला सांगतात की धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलून वागू नकोस, आणि तो "नातिचरामि" म्हणतो. आई त्या क्षणी हातभर अंतरावर असते. बहुतेक आयांना तो शब्द ऐकूच येत नाही, कारण नेमकं तेव्हाच मागून कोणीतरी "काकू, कोठीची किल्ली?" म्हणून विचारत असतं. मी आता विधी थांबवते. किल्लीवाल्याला जाऊ देते आणि मग वाक्य पुन्हा म्हणवून घेते.

रानजाई

पळीपंचपात्रताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कन्यादानाला उपास असतो ना? मला मधुमेह आहे. सासूबाई म्हणतात, निर्जळी नको पण अन्न नको.

पळीपंचपात्र

दूध, फळं, औषध सगळं चालतं. गोळीच्या वेळा डॉक्टरांना आधी विचारून ठेवा आणि त्या कागदावर लिहून बहिणीकडे द्या. दुपारी उशिराचा मुहूर्त असेल तर तुम्हाला खाऊन बसावं लागेल असं गुरुजींना स्पष्ट सांगा. कुठलाही समंजस पुरोहित नाही म्हणणार नाही. आई चक्कर येऊन पडली तर कसलं आलंय पुण्य.

डोंगरवाट

विषय थोडा बाजूला नेतो, पण याच धाग्यात लिहायला हवं असं वाटतं. तुळशीपाशी पाठवलेली आई निदान दहा मिनिटांत परत येते. ज्या आईचा नवरा गेला आहे तिला अख्ख्या लग्नातच आत पाठवतात.

माझे वडील आम्ही लहान असताना गेले. आई अंगणवाडीत काम करून आम्हा भावंडांना वाढवत होती. मोठ्या ताईच्या लग्नात कन्यादानाला काका-काकू बसले. हळद लावायला सवाष्णी बोलावल्या, आईला नाही. ओटी भरायला नाही, ओवाळायला नाही. लग्नाचं कर्ज मात्र आईच्या नावावर होतं. पंगत उठेपर्यंत ती कोठीच्या खोलीत लाडू मोजत बसली होती.

धाकट्या बहिणीने साखरपुड्याच्या आधीच सांगितलं, आई बसणार नसेल तर कन्यादानाचा विधीच नको. मुलाकडच्यांनी लगेच होकार दिला. आमचेच लोक अडले. शेवटी आई बसली. वडिलांच्या जागी तिची ओंजळ आणि झारी माझ्या हातात. आईचे हात इतके कापत होते की निम्मं पाणी भांड्याबाहेर गेलं. काका पहिल्या रांगेत बसून होते, विधी संपला तसे न जेवता निघून गेले. अजून बोलत नाहीत. त्याचं दुःख आहे, पण पुन्हा वेळ आली तरी आम्ही हेच करू.

पळीपंचपात्र

डोंगरवाट, तुमच्या बहिणीचं मनापासून कौतुक. अशा घरांसाठी एक आधार सांगून ठेवते, उपयोगी पडेल. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात कन्यादान कोणी करावं याचा क्रम आहे: पिता, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष आणि जननी. आई शेवटी आहे, पण आहे. तिथे अट आहे ती दान करणारी व्यक्ती मनाने ठिकाणावर असण्याची. आईचा नवरा हयात असावा अशी अट त्या श्लोकात नाही. शास्त्राचं नाव घेऊन विधवा आईला उठवणाऱ्याला हे दाखवा.

गोदाकाठ

डोंगरवाट, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. गावातले लोक अडले तर सरपंचांना सोबत घेता येतं. आमच्या नात्यात एका लग्नात सरपंचबाईंनी स्वतः पुढे होऊन नवरीच्या आईला हळद लावायला बसवलं. मग कोणी काही बोललं नाही.

सह्याद्रीवारा

सगळं वाचलं. विधवा आईबद्दल पूर्ण सहमत, त्यात दुसरं मत असूच नये. पण तुळशीच्या प्रथेत कोणावर अन्याय आहे असं मला वाटत नाही. दहा मिनिटांचा प्रश्न आहे, व्हिडिओ नंतर बघता येतोच. घरातल्या वडीलधाऱ्यांना लग्नाच्या तोंडावर दुखवून काय मिळणार? प्रत्येक चालीरीतीला कारण मागत बसलो तर लग्नात उरेल काय?

रानजाई

सह्याद्रीवारा, तुमचा मुद्दा समजते आणि म्हणूनच न दुखावता कसं करायचं असं विचारलं. पण व्हिडिओत बघण्याचं म्हणाल तर तो परगावी असलेल्या माणसासाठी असतो. मी त्याच कार्यालयात असणार, दहा पावलांवर. नवरीचा बाप स्टेजवर, मामा तिच्या मागे, आणि तिला नऊ महिने पोटात वागवणारी आत, हे मला पटत नाही. दहा मिनिटांचाच प्रश्न असेल तर ती दहा मिनिटं मला द्यायला कोणाला जड जाऊ नये.

चाफेकळी

मी मुलाची आई म्हणून लिहिते. आमच्या मुलाच्या लग्नात बोलणीच्या बैठकीतच मी दोन गोष्टी सांगितल्या. माझे पाय कोणी धुवायचे नाहीत आणि विहिणीची पंगत वेगळी मांडायची नाही. दोघी विहिणींनी एकमेकींची ओटी भरायची आणि शेजारी बसून जेवायचं. आमच्या एका नणंदेला हे फार लागलं, कारण तिच्या वेळी तिला मान मिळाला नव्हता आणि आता माझ्याबरोबर तो घ्यायला ती बसली होती. तिला समजावायला वेळ लागला.

मुलीची आई आत जाणार हे मला आयत्या वेळी कळलं. मी तिचा हात धरून स्टेजजवळ घेऊन आले. म्हटलं, सून माझी आहे, मला चालतंय, मग कोणाला का खटकावं? रानजाई, तुमच्या विहिणीशी आधी बोला. नवरीच्या आईने स्वतःसाठी मागितलं तर हट्ट ठरतो, तेच वरमाईने म्हटलं तर सगळे लगेच ऐकतात. हे बरं नाही, पण आहे तोवर त्याचा उपयोग करून घ्या.

रानजाई

चाफेकळी, हे सुचलंच नव्हतं. उद्याच फोन करते.

कोठीवाली_मावशी

आमच्या घरातल्या लग्नांत कोठी माझ्याकडे असते, म्हणून व्यवहाराचं लिहिते. समोर उभं राहायची परवानगी मिळाली तरी मन समोर राहिलं पाहिजे ना. त्याची सोय आधी करा.

कोठीची किल्ली नवरीच्या आईच्या कमरेला नको. ती द्यायची अशा बाईकडे जिला लग्नात मिरवायचं नाही आणि नाही म्हणता येतं. प्रत्येक विधीची वेगळी पिशवी करा, वर ठळक अक्षरात नाव लिहा: सीमांतपूजन, गौरीहर, कन्यादान, होम, झाल, पाठवणी. लाजाहोमाच्या लाह्या होमाच्या पिशवीत, नवरीच्या भावाला ती पिशवी दाखवून ठेवा. आहेराची पाकिटं एका डब्यात, वहीसकट, आणि तो डबा घरच्या पुरुषमाणसाकडे. आचारी "अजून किती पानं धरू?" विचारायला येतोच, त्याचं उत्तर द्यायला एक माणूस नेमा आणि आचाऱ्याला त्याचा चेहरा दाखवा. नवरीच्या आईचा फोन सकाळीच भाचीकडे.

आणि पाठवणीनंतरचं विसरू नका. सगळे गाडीपाशी रडत असतात, गाडी वळते, आणि कार्यालयाचा माणूस भांड्यांची यादी घेऊन थेट आईसमोर उभा राहतो. पातेली मोजा, गाद्या मोजा, अनामत परत घ्या. तेव्हा तिला खुर्चीत बसवून कोणीतरी पाणी द्यायला हवं. ती यादी दिराकडे द्या.

पिंपळपान

हे सगळं वाचून आमच्या लग्नाची आठवण आली. आम्ही विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) नोंदणी केली. तीस दिवसांची नोटीस, मग विवाह अधिकाऱ्यासमोर आम्हा दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. दोन्ही आया साक्षीदार होत्या, तिसरी मैत्रीण. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. आदल्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर सही घोटवत होती. विधिवत लग्न करणाऱ्यांनाही हे जमण्यासारखं आहे, कारण महाराष्ट्रात लग्न नोंदवतानाही तीन साक्षीदार लागतात. त्यात एक सही नवरीच्या आईची असू द्या.

निळी_शाई

पत्रिकेचंही बघा. "श्री. व सौ." आणि पुढे फक्त वडिलांचं नाव, असं छापू नका. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. पत्रिका तर आपल्याच हातात आहे.

माळरान

आमच्याकडे सत्यशोधक पद्धत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी त्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. आमच्या घरी पुरोहित नाही, कन्यादान नाही. वधूवर सगळ्यांसमोर एकमेकांना वचन देतात आणि दोन्हीकडचे आईवडील पुढे बसलेले असतात. माझ्या आजीनेही माझ्या आईचं लग्न समोर बसूनच पाहिलं, त्यामुळे आत जायची पद्धत मला थेट नवऱ्याच्या मावसबहिणीच्या लग्नात कळली. तिची आई दाराआडून डोकावत होती, हे अजून आठवतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

विहीणबाई एका वाक्यात हो म्हणाल्या. गुरुजींनाही अडचण नाही. सासूबाईंना मात्र पटेना. त्या चिडल्या नाहीत, पण "तुळस कोणी पुजायची मग?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. त्यांच्या मनात खरी काळजी तीच होती, तुळस एकटी राहील ही. मग गुरुजींनीच सुचवलं, तुळशीची कुंडी मांडवातच आणा. गौरीहराच्या वेळी मी पूजा करायची आणि मंगलाष्टकांना कुंडीशेजारीच थांबायचं. सासूबाई त्यावर तयार झाल्या. मोठ्या नणंदबाई अजून नाराज आहेत आणि बहुधा लग्नापर्यंत राहतील. त्यांच्याशी मी पुन्हा बोलेन, पण निर्णय आता बदलणार नाही.

किल्ली बहिणीकडे, भांड्यांची यादी दिरांकडे, फोन भाचीकडे. पत्रिकेत दोघांची नावं. डोंगरवाट, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आमच्या शेजारच्या ताई एकट्या आहेत, त्यांनाही हळद लावायला बोलावलं आहे, लेकीच्याच सांगण्यावरून.

डोंगरवाट

सांगतो नक्की. आणि एक, फोटोवाल्यांना आधी ताकीद द्या. हार घालायच्या वेळी ते सगळे पुढे घुसतात आणि घरच्यांना त्यांच्या पाठी दिसतात.

जुनी_विहीण

रानजाई, बरं केलंस. आता नीट ऐक. लेकीच्या मागे उभी राहू नकोस, तिथे मामा असतो आणि तुला नुसता अंबाडा दिसेल. अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला जागा धर, म्हणजे पाट खाली आला की दोघांचे चेहरे दिसतात. कुंडी तिथेच ठेवायला सांग, लहान घे, आणि खाली परात ठेव, नाहीतर पाणी झिरपून सगळ्यांच्या शालूंचे काठ भिजतील. जवळ एक खुर्ची असू दे. मंगलाष्टकं म्हणायला हौशी मंडळी फार असतात, गुरुजींना सांग की कितीजण म्हणणार ते आधी ठरवा, तुझ्या पोटात अन्न नसणार आहे.